मॅक्रो लेन्सच्या आधी हा काळा रबरी हूड घ्या, फक्त डब्यावरची ओळ विसरून जा

टँकमधल्या माशांचे फोटो काढणाऱ्या लोकांच्या बॅगेत हल्ली एक काळा मऊ सिलिकॉनचा हूड असतो, नरसाळ्यासारखा, बारीक तोंड लेन्सवर चढवायचं आणि रुंद तोंड सरळ टँकच्या काचेला टेकवायचं, बस. मी तो बराच काळ वापरतोय, स्वतःच्या प्लांटेड टँकवर (जिवंत वनस्पती लावलेला) जास्त आणि ओळखीतल्या एकाच्या रीफ टँकवर (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा) अधूनमधून, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच की हे घेण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. ब्रँडचं नाव देत नाहीये, या प्रकारचे काही हाताळले आणि बनावट सगळ्यांची जवळपास सारखीच आहे, फरक असला तर रबराच्या जाडीचा. उत्तर हवं असेल तर आत्ताच घ्या: घेण्यासारखा आहे, पाचपैकी चार. मॅक्रो लेन्ससाठी (अगदी जवळून मोठे फोटो काढायची लेन्स) पैसे साठवत असाल तर त्याच्याही आधी हा घ्या. पण डब्यावर जे लिहिलेलं असतं ना, कुठल्याही अँगलने शूट करा म्हणून, ते विसरा, कारण टँकच्या बाबतीत ती ओळ साफ चुकीची आहे आणि मला मुख्य बोलायचंय ते त्यावरच.

आधी तो करतो काय ते बघू. काच कितीही पुसली तरी तिच्या बाहेरच्या बाजूवर समोरून जो उजेड पडतो त्यातला साधारण ४ टक्के परत फिरतो. ४ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण टँकला मागून काळा बॅकग्राउंड लावलेला असेल तर माशाच्या मागे नुसता अंधार असतो, आणि त्या अंधारावर तुमचा पांढरा टीशर्ट, मागची खिडकी, चालू टीव्ही, कॅमेऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं कंपनीचं नाव, सगळं व्यवस्थित उमटतं. फोटो काढताना हे जाणवत नाही कारण लक्ष माशावर असतं, घरी मोठ्या स्क्रीनवर उघडलं की माशाच्या पोटावर स्वतःची बोटं दिसतात. यावरचा जुना उपाय म्हणजे रात्री खोलीतले सगळे दिवे बंद, फक्त टँकचा लाइट चालू आणि अंगात काळा शर्ट, तो आजही चालतो आणि फुकटात चालतो. पण सगळे मासे रात्रीसाठी थांबत नाहीत. रेनबो फिशचे नर सकाळी उजेड पडल्या पडल्या एकमेकांसमोर फिन्स ताणून जे मिरवतात ते रात्री कुठून आणणार, आणि निऑन टेट्रा तर लाइट गेल्यावर चक्क फिके पडतात, परत रंगात यायला त्यांना वेळ लागतो. म्हणजे दिवसा, खिडकी उघडी, घरात माणसं फिरतायत अशा वेळी फोटो काढायचा असेल तर हूडला पर्याय नाही. रुंद तोंड काचेला टेकलं की लेन्सपुढे बाहेरचा उजेड येतच नाही, विषय संपला.

आता इथे कोणीतरी म्हणतं मग पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चमक कापणारा फिल्टर, लावा की. पोलरायझर रिफ्लेक्शन कापतो हे खरं, पण काचेवरचं रिफ्लेक्शन तो सगळ्यात छान कापतो ते तुम्ही काचेच्या लंबापासून साधारण ५६ अंश तिरके असाल तेव्हा, त्याला ब्रूस्टरचा कोन म्हणतात. काचेसमोर अगदी सरळ उभे राहिलात तर तो काहीच करत नाही, वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि टँकमध्ये उजेडाची आधीच बोंब असते. शिवाय ५६ अंश तिरकं उभं राहून पाण्यातल्या माशाचा फोटो काढून बघाच एकदा, म्हणजे पुढचं मला समजावून सांगायला लागणार नाही.

होतं काय, की माशावरून निघालेला उजेड पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, काचेचा साधारण १.५, हवेचा १, म्हणजे प्रत्येक हद्दीवर किरण वळतो. तुम्ही काचेला काटकोनात असाल तर नुकसान फारसं नाही, मासा फक्त आहे त्यापेक्षा जवळ वाटतो, काचेमागे ४ सेंटीमीटरवर असेल तर ३ वर दिसतो. पण कॅमेरा तिरका झाला की निळा उजेड जास्त वळतो आणि लाल कमी, आणि माशाच्या कडेला रंगीत झालर येते. एंजलफिशच्या काळ्या पट्ट्यावर हे सगळ्यात लवकर पकडता येतं, पट्ट्याच्या एका कडेला निळसर जांभळं आणि दुसऱ्या कडेला पिवळट, शंभर टक्के झूम केलं की लगेच. त्याहून वाईट म्हणजे उभ्या आणि आडव्या रेषा एका जागी फोकसच होत नाहीत, डोळ्याचा गोल शार्प वाटतो पण खवल्यांची जाळी एका दिशेला पुसल्यासारखी येते. लोक मग लेन्सला शिव्या घालतात, फोकस चुकला म्हणतात, शार्पनिंग वाढवतात. लेन्स कितीही भारी असली तरी ती बिचारी काय करणार, प्रतिमा तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेली असते.

आणि म्हणूनच ती डब्यावरची ओळ डोक्यात जाते. हूड मऊ आहे, कॅमेरा वीस-तीस अंश वाकवला तरी तोंड काचेला चिकटून राहतं, रिफ्लेक्शन शून्य, त्यामुळे माणसाला वाटतं की वा, आता मासा जाईल तिकडे कॅमेरा वळवू. खिडकीतून रस्त्याचा किंवा शहराचा फोटो काढताना चालतं ते, काचेच्या दोन्ही बाजूंना हवाच असते. टँकला नाही चालत. हूड रिफ्लेक्शन थांबवतो, रिफ्रॅक्शनशी, म्हणजे किरण वळण्याशी, त्याचा काही संबंध नाही, आणि रिफ्लेक्शन गेल्यामुळे उरलेला दोष उलट जास्त डोळ्यात भरतो. मासा डावीकडे गेला तर कॅमेरा डावीकडे वळवायचा नाही, अख्खे तुम्ही डावीकडे सरका, हूड काचेवरून घसरत न्या. कोरडी स्वच्छ काच असेल तर सिलिकॉन अडखळत सरकतं, थोडा आवाज पण करतं, म्हणून मी उचलून परत टेकवतो.

याच मऊपणाचा एक उपयोग मात्र डब्यावर कोणी लिहीत नाही आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. हूड काचेला थोडा दाबला की त्याच्या घड्या दबतात. कॅमेरा काटकोनात असेल तर चारी बाजूंनी सारख्या दबतात. खालची बाजू जास्त दबली म्हणजे कॅमेरा वर बघतोय, उजवी जास्त दबली म्हणजे डावीकडे वळलाय. डोळा व्ह्यूफाइंडरला आणि डाव्या हाताची बोटं हूडभोवती ठेवली की न बघता कळतं, अंगठ्याखाली रबर सैल आणि करंगळीखाली ताठ लागलं की मनगट सुधारायचं. काटकोन डोळ्यांनी जमवणं अवघड असतं हो, विशेषतः खाली वाकून बसल्यावर, आपल्याला वाटतं सरळ आहे आणि असतं पाच-सात अंश तिरकं. बोटांना ते लगेच समजतं. मला विचाराल तर चारातले दोन मार्क ह्याचेच.

आता अडचणी. पहिली अडचण व्यासाची. माझ्याकडच्या हूडचं रुंद तोंड साधारण १५ सेंटीमीटरचं आहे, म्हणजे लेन्सचं केंद्र टँकच्या तळाच्या कडेपासून साडेसात सेंटीमीटरच्या खाली जाऊच शकत नाही. वाळूचा थर पाच-सहा सेंटीमीटर असेल तर प्रश्न नाही, कॅमेरा वाळूच्या वर दीड-अडीच सेंटीमीटरवर येतो आणि कोरिडोरास एकदम नजरेच्या पातळीत मिळतो, मिशा वाळूत घालून चाळत असलेला. पण वाळू दोनच सेंटीमीटर असेल तर कॅमेरा वरून बघतो, मग आपण तो खाली झुकवतो, आणि झुकवला की परत तेच तिरकं प्रकरण. त्यात स्टँडचा पत्रा किंवा लाकूड काचेच्या पुढे आलेलं असेल तर हूडचं तोंड खालून दुमडतं आणि तिथून उजेड आत येतो. फ्रेमवाल्या टँकला वरखाली ती प्लास्टिकची पट्टी आडवी येते. कोपऱ्यात पण तेच, सिलिकॉनच्या जोडाशेजारी घर करून बसलेली अपिस्टोग्रामाची मादी असेल तर हूड काढूनच ठेवावा लागतो.

दुसरी अडचण अंतराची, आणि ही घेण्याआधी कोणी सांगत नाही. १०० एमएमच्या मॅक्रो लेन्सचं कमीत कमी फोकसचं अंतर साधारण ३० सेंटीमीटर असतं पण ते सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या पुढच्या टोकापासून धरलं तर राहतात जेमतेम १४. माझा हूड उघडा असताना सात सेंटीमीटरचा आहे. म्हणजे काच लेन्सपासून सातवर, मासा दिसायला हवा किमान १४ वर, म्हणून तो काचेमागे सात सेंटीमीटरवर दिसला पाहिजे, आणि पाण्यात सगळं जवळ दिसत असल्यामुळे प्रत्यक्षात तो नऊ-साडेनऊ सेंटीमीटर आत असायला हवा. त्याच्या अलीकडे आला की लेन्स नुसती पुढे-मागे घरघरते, फोकस मिळत नाही. पुढच्या काचेला चिकटलेला ओटोसिंक्लस, त्याचं ते चोखणारं तोंड, त्याचा फोटो या हूडने या लेन्सवर निघत नाही. तिथे हूड काढा, मागे या आणि खोलीत अंधार करा. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ६० एमएमची मॅक्रो असेल तर पुढचं अंतर अजून कमी असतं, तिच्यावर हूड जास्त बरा जुळतो, आणि फोकस करताना जिची नळी बाहेर येते अशी जुन्या पद्धतीची लेन्स असेल तर हूड काचेला लावून जोर देऊ नका, मोटरवर ताण येतो.

फ्लॅशबद्दल थोडं जास्त लिहितो कारण हूड आणि फ्लॅश ही जोडी जमली तरच खरा फोटो निघतो. नुसत्या टँकच्या लाइटवर पण काम होतं, एफ/४, शटर १/१६०, आयएसओ १६०० ते ३२००, डिस्कससारखा संथ मासा असेल तर मस्त येतं. पण टेट्रा, बार्ब, डॅनिओ हे एका जागी थांबत नाहीत आणि मॅक्रो अंतरावर एफ/४ ला शार्प असणारा भाग मिलिमीटरमध्ये मोजायचा असतो, डोळा आला तर छातीचा फिन गेला. फ्लॅश असेल तर एफ/८ ते एफ/११ ला जाता येतं, आयएसओ २०० ते ४००, शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडला (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर) म्हणजे बहुतेक १/२०० किंवा १/२५०, फ्लॅश १/८ किंवा १/१६ पॉवरला. पॉवर कमी असली की चमक फार थोडा वेळ टिकते आणि मासा गोठतो, शटर नाही गोठवत त्याला, फ्लॅश गोठवतो. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, सगळंच मऊ व्हायला लागतं.

हा फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवायचा नाही. हूड लावला असेल तर तसाही उपयोग नाही, पॉपअप फ्लॅशपुढे हूडच आडवा येतो आणि माशावर काळी सावली पडते. हूड नसेल तर अजून वाईट, काचेवर पांढरा डाग आणि पाण्यातला प्रत्येक कण चमकून उठतो. वायरलेस ट्रिगर घ्या, साधा मॅन्युअल चालतो, आणि फ्लॅश टँकच्या वर, तोंड खाली, पुढच्या काचेकडे थोडा सरकवून. नदीतल्या माशालाही उजेड वरूनच मिळतो, त्याची पाठ गडद आणि पोट फिकट त्याच हिशोबाने आहे, त्यामुळे वरून उजेड पडला की मासा नैसर्गिक दिसतो. निऑन टेट्राची निळी रेघ तर ह्याच्याशिवाय पेटतच नाही. त्या निळ्यात निळं रंगद्रव्य नसतं, कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यावरून परतलेला उजेड आपल्याला निळा-हिरवा दिसतो, म्हणून उजेडाचा कोन बदलला की रंग बदलतो. फ्लॅश चार बोटं पुढे-मागे सरकवून तोच मासा परत काढून बघा, एकात रेघ हिरवट, एकात निळी, एकात नुसती राखाडी.

फ्लॅश पाण्याला अगदी लागून ठेवायचा मोह होतो, पण उजेड अंतराच्या वर्गाने कमी होत जातो. फ्लॅश पाण्यापासून १० सेंटीमीटर वर असेल तर १० सेंटीमीटर खोलीवरच्या माशाला तो २० वरून मिळतो आणि ४० खोलीवरच्याला ५० वरून, म्हणजे सहा पटींहून जास्त फरक, अडीच स्टॉपच्या वर. वरचा मासा जळतो आणि तळाचा कोळसा. तोच फ्लॅश ४० वर उचलला तर फरक अडीच पटींवर येतो, सव्वा-दीड स्टॉप, हा रॉ फाइलमध्ये सांभाळता येतो. पण उचलला की उजेड खोलीभर सांडतो, भिंतीवर, तुमच्या तोंडावर, आणि तिथून काचेवर, आणि तिथेच हूडची किंमत कळते कारण तो सगळा सांडलेला उजेड बाहेरच राहतो. हूड नसता तर फ्लॅश उचलता आला नसता. तळाला पांढरी वाळू असेल तर ती खालून उजेड परत देते आणि पोट छान भरतं, काळी सॉइल असेल तर पोट अंधारात जातं, मग तेवढ्यापुरता पांढऱ्या अॅक्रिलिकचा छोटा तुकडा फ्रेमच्या बाहेर तळाला ठेवतो मी. बेट्टाचे किंवा गप्पीचे फिन्स पारदर्शक दाखवायचे असतील तर एक फ्लॅश मागच्या काचेकडे न्या, नसा-नसा दिसतात. आणि हो, फ्लॅश झिपवाल्या पिशवीत घालून काचेच्या झाकणावर ठेवा आणि दोरीने कुठेतरी बांधा, पाण्यात पडलेला फ्लॅश परत येत नाही, कपॅसिटरमध्ये चार्ज असतो तो वेगळाच.

माशांचं काय म्हणणं? सुरुवातीला काही नाही आवडत त्यांना. मोठं काळं गोल तोंड काचेकडे येतंय म्हटल्यावर टेट्रांचा थवा मागच्या कोपऱ्यात, आणि तिथे ते हूडमुळेच आहेत हे विसरून आपण लाजाळू मासे म्हणतो. हळू टेकवायचा, आपटायचा नाही, अंगावरच्या लॅटरल लाइनमुळे (पाण्यातली कंपनं ओळखणारी रेघ) काचेचा धक्का त्यांना आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार जास्त जाणवतो. मग काहीच न करता बसून राहायचं. सिक्लिड लगेच बघायला येतात, उलट हल्ला करायला येतात म्हणा, आणि बेट्टा बहुतेक लेन्सच्या काचेत स्वतःलाच बघून गाल फुगवतो, फोटो जबरदस्त मिळतात पण दोन-चार मिळाले की हूड काढून घ्या, तो दमतो. अंधाऱ्या टँकवर अचानक फ्लॅश मारू नका, पापण्या नसतात त्यांना, टँकचा लाइट आधी चालू असू द्या. रात्री लाइट बंद करून लोच किंवा टँकमध्ये पाळतात त्या छोट्या 'शार्क' माशांवर फ्लॅश मारलात तर ते झाकणावर आपटतात.

फोकससाठी मासा कॅमेऱ्याकडे येताना पकडायला जाऊ नका, तो आडवा पोहत असेल आणि वळायच्या आधी क्षणभर थांबतो ना, तो क्षण. ऑटोफोकस सिंगल पॉइंट, कंटिन्युअस, पॉइंट डोळ्यावर. काचेला टेकलेला हूड इथे तिसरा हात होतो, कॅमेरा पुढे-मागे हलत नाही, शरीर डुललं तरी अंतर तेच राहतं.

काच आणि पाण्याची तयारी हूड करून देत नाही, ती तुमची. आतून मॅग्नेटचा क्लीनर, ग्रीन स्पॉट (काचेवरचे शेवाळाचे हिरवे ठिपके) असेल तर जुनं प्लास्टिकचं कार्ड, बाहेरून मायक्रोफायबर आणि आरओचं पाणी. पाणी बदलल्यावर लगेच फोटो नको, पानांवर आणि काचेवर बारीक बुडबुडे बसलेले असतात, दुसऱ्या दिवशी काढा. फिल्टर दहा मिनिटं आधी बंद केला की कण खाली बसतात आणि पानं हलायची थांबतात, वनस्पतींसाठी सोडलेला सीओटू पण बंद, नाहीतर तो बारीक फवारा प्रत्येक फ्रेममध्ये येतो. नंतर फिल्टर चालू करायला विसरू नका. जेवण घालून लगेच फोटो काढणाऱ्यांना माशांच्या शेपटीमागची लोंबणारी दोरी पण फोटोत मिळते.

रीफ टँकवाल्यांना हूडचा उपयोग तेवढाच आहे पण त्यांचं खरं दुखणं निळ्या एलईडीचं आहे, बऱ्याच कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स १०,००० केल्विनच्या आसपास संपतो आणि लाइट असतात त्याच्या कितीतरी वर. फोटोपुरते पांढरे चॅनेल वाढवा किंवा केशरी फिल्टर लावा. डिम केलेल्या एलईडीखाली सायलेंट शटर वापरलं तर फोटोवर आडवे पट्टे येतात, ते हूडचं पाप नाही, मेकॅनिकल शटर लावा.

फोनसाठी याची छोटी आवृत्ती मिळते, मला ती फारशी पटली नाही. फोनची लेन्स एवढीशी असते की फोन सरळ काचेलाच टेकवला तरी रिफ्लेक्शन जातं, आणि हूडमुळे कॅमेरा काचेपासून लांब गेला की मेन लेन्सच्या रुंद फ्रेममध्ये हूडची कडा दिसते. २एक्स किंवा ३एक्स लेन्स असेल तर थोडा उपयोग. आपोआप मॅक्रो मोडमध्ये जाणं बंद करा, नाहीतर मासा जवळ आला की फोन अल्ट्रावाइडवर उडी मारतो. व्हिडिओ ४के मध्ये काढून फ्रेम काढली तरी आठ मेगापिक्सेलच्या वर मिळतं, फोनवाल्यांना माझा सल्ला तोच.

जिथे हा हूड स्वतःचे पैसे सगळ्यात लवकर वसूल करतो ते म्हणजे मोठी सार्वजनिक मत्स्यालयं. तिथे दिवे तुमच्या हातात नाहीत, फ्लॅश आणि ट्रायपॉडला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, मागे गर्दी, लहान मुलांच्या बुटात लागणारे दिवे. हूड टेकवला की हे सगळं गायब. पण तिथे काचेऐवजी जाड अॅक्रिलिक असतं, आणि जाडी वाढली की तिरक्या फोटोची शिक्षा पण वाढते. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात व्हेल शार्क ठेवलेल्या मुख्य टाकीचं पॅनेल ६० सेंटीमीटर जाड आहे, अशा ठिकाणी शार्क अगदी तुमच्या समोर येईपर्यंत बटण दाबण्यात काही अर्थ नाही, तिरक्यातला व्हेल शार्क दिसतो मोठा आणि फोटोत येतो धुरकट. अॅक्रिलिकला अजून एक काळजी, हूडच्या ओठावर वाळूचा एक कण जरी चिकटलेला असला तरी ओरखडा पडतो, टेकवायच्या आधी बोट फिरवून बघा.

वस्तू म्हणून तक्रारी आहेत, एक मार्क त्यासाठीच कापलाय. सिलिकॉन धूळ, केस, कापडाचा कोंडा सगळं ओढून घेतं, बॅगेतून काढला की आधी पुसा. नवीन असताना वास मारतो, आठवडाभर उघड्यावर ठेवला की जातो. लेन्सकडचं तोंड ताणून बसवायचं असतं, ते काही महिन्यांनी सैल पडतं, पातळ रबराच्या हूडमध्ये लवकर, म्हणून जाड बघून घ्या. घडी करून बॅगेत दाबून ठेवला की तोंड लंबगोल होतं आणि मग एका बाजूने काचेला नीट बसत नाही, उघडाच ठेवायचा. धुताना साबण नको, साबणाचा अंश टँकपर्यंत जाणं कुणालाच परवडणार नाही, नुसत्या पाण्याने निघतं. खाऱ्या टँकवर वापरला असेल तर घरी आल्यावर लगेच धुवा, मीठ वाळून ओठ खरखरीत होतो.

बोफ्रंट (पुढची काच बाहेर फुगलेला टँक) किंवा गोल बाउलवाल्यांनी घेऊ नये, वाकड्या काचेवर तोंड पूर्ण बसत नाही आणि बसलं तरी काच स्वतःच प्रतिमा ताणते. फुल टँक शॉटलाही कामाचा नाही, वाइड लेन्सवर चारी कोपरे काळे होतात, त्याला खोली अंधार करून लांबूनच काढायचं. आणि घेताना माप बघाल तर फिल्टरचा नंबर बघू नका, लेन्सच्या पुढच्या टोकाचा बाहेरचा व्यास मोजा. ६७ एमएमचा फिल्टर बसणाऱ्या मॅक्रो लेन्सचा बाहेरचा व्यास ७५ ते ८० पर्यंत सहज जातो, आणि ६७ समजून मागवलेला हूड एकतर चढत नाही, नाहीतर इतका ताणून चढतो की काढताना फोकस रिंग पण सोबत फिरते.